दार वाजवायचं बटण नाही

भार्गवच्या नायकाला दार वाजवायचं बटण नाही.
उंबऱ्याशी वहाणा काढायचंही नाही.
सरळ शिरतो, रांजण फोडतो, आतली नाणी उचलतो,
आणि घरातली बाई भिंतीला टेकून
दर वेळी तेच म्हणते:
"स्वागत असो, वीरा. उत्तरेच्या दरीत जपून जा."
रांजणाबद्दल अवाक्षर नाही.

साखर पेठ, मे, दुपारचे तीन.
पंखा उकाडा नुसता ढवळतोय.
खाली आमचे चार माग. तीन चालू,
चौथा बुधवारपासून गप्प.
मी आलेखाच्या कागदावर चादरीचा मोर भरतोय,
हा चौकोन काळा, हा सोडायचा,
एकतीस वर्षं हेच केलं,
म्हणून मला दिसतं, तो नायकही चौकोनांचाच.
कुणीतरी बसून भरलाय.
आणि काही चौकोन सोडलेत.

"काका, आता बघा, दरीतली माणसं."
माणसं म्हणाला खरा; लगेच जीभ चावली. "म्हणजे राक्षस."
बुटके, पिवळ्या डोळ्यांचे. अंगावर विणलेलं कायतरी,
आणि साधी वीण नव्हती ती, दुहेरी बाण्याची.
म्हणजे त्या दरीत कुणाचा तरी माग आहे.
राजा बोलला की पडद्याखाली अक्षरं उमटतात,
लोहार बोलला की उमटतात,
हे बोलले की फक्त "गुर्रर्र".
आमच्या शाळेतले एक मास्तर
आम्ही मधल्या सुट्टीत तेलुगू बोललो की
पत्र्याच्या डब्यात खडे हलवून दाखवायचे.
सगळा वर्ग हसायचा. मीसुद्धा.

अकरा मेले. एकेकाच्या अंगातून काही ना काही पडलं:
लाकडी चमचा, अर्धी भाकर, सुताची एक कांडी.
नायकानं सगळं व्यापाऱ्याला विकलं.
"अनुभव वाढला", असं सोनेरी अक्षरांत आलं.

मी म्हटलं, "त्यांना विचारता येत नाही का रे?"
"काय?"
"हेच. की काय झालंय म्हणून."
त्यानं एकेक बटण दाबून दाखवलं. मार. लोळ. उडी.
"असलं नसतंय, काका."
मग माझं मन राखायला तलवार म्यान केली,
नायकाला दरीत नुसता उभा केला.
एक बुटका जवळ आला. आणखी जवळ.
नायकाचा हात आपोआप उठला.
"मी नाही दाबलं," भार्गव म्हणाला. "तो तसाच बनवलाय."

मोराच्या डोळ्याचा चौकोन मी दोनदा भरला. कागद फाटला.

मलाही कुणी तसंच बनवलंय, असं म्हणता आलं असतं.
बुधवारी सुताचा एक कोन कमी भरला.
चार मागवाले; मला एकच नाव सुचलं.
बाकी तिघांची नावं आमच्यासारखी.
दस्तगीर नदाफच्या घरी मी आणि दादा गेलो,
ट्रंक उघडली, गाद्या उलट्या केल्या,
पिठाच्या डब्यात हात घालून बघितलं.
त्याची बायको भिंतीला टेकून म्हणाली,
"बैठो भाई, चा करतूं."
डब्याबद्दल अवाक्षर नाही.

कोन गुरुवारी सापडला, आमच्याच जिन्याखाली.
शुक्रवार गेला. आज शनिवार.

"क्लासला जातो," म्हणून भार्गव उठला.
जाताना त्यानं खेळ साठवून ठेवला,
नायक दरीत, हात वर, तसाच.

ऊन उतरल्यावर मी चपला घातल्या.
दस्तगीरच्या घराला दार आहे. पत्र्याचं.
वाजवलं की अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.
बुधवारी आम्ही ते वाजवलं नव्हतं.